शेवटचे दोन पर्याय उरतात, तिथे नेमकं काय चुकतं?

चोपड्याहून एका ताईंनी विचारलंय: एमबीए सीईटी आणि बँकेच्या मेन्सची तयारी सोबतच चालू आहे. क्रिटिकल रिझनिंगमध्ये (युक्तिवाद तपासण्याच्या प्रश्नांत) पाचपैकी तीन पर्याय सहज उडतात, पण उरलेल्या दोनांत हमखास चुकीचाच निवडला जातो. 'फक्त, सर्व, कधीच असे शब्द दिसले की पर्याय सोडा' हा क्लासमधला नियम लावूनही गुण हलत नाहीत. वाचन कमी पडतंय का, रोज इंग्रजी संपादकीय वाचू का?

ताई, वाचनाचं शेवटी बघू. तीन पर्याय उडवता येतात म्हणजे परिच्छेद कशाबद्दल आहे हे तुम्हाला कळतंय. विषयाबाहेरचे पर्याय तेवढ्यावर जातात. पण उरलेले दोन्ही विषयातलेच असतात, आणि त्यांच्यातला फरक ओळखायला विषय कळून भागत नाही. युक्तिवाद काय सिद्ध करू बघतोय आणि तो कुठे उघडा पडतोय, हे आधी हातात असावं लागतं. तुमच्या वर्णनावरून वाटतं की ते न ठरवताच तुम्ही पर्यायांकडे जाता. मग दोघांपैकी 'जास्त पटणारा' निवडला जातो, आणि चुकीचा पर्याय पटावा अशीच त्याची रचना केलेली असते.

म्हणून पर्याय वाचण्याआधी तीन गोष्टी सापडल्याच पाहिजेत: निष्कर्ष, त्याला दिलेला आधार, आणि दोघांमधली फट. आधार म्हणजे परिच्छेदात खरं म्हणून दिलेली माहिती. तिच्याशी भांडायचं नाही. निष्कर्ष म्हणजे त्या माहितीवरून लेखकाने मारलेली उडी. फट म्हणजे ती उडी मारताना त्याने न बोलता सोडून दिलेला भाग. 'म्हणून', 'त्यामुळे', 'यावरून' या शब्दांनंतर बहुधा निष्कर्ष येतो आणि 'कारण' नंतर आधार येतो, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. दोन 'म्हणून' असलेल्या परिच्छेदात पहिला बऱ्याचदा मधली पायरी असतो. खात्रीची कसोटी अशी: वाक्याला 'का?' विचारा. उत्तर परिच्छेदातच मिळालं तर ते वाक्य निष्कर्ष किंवा मधली पायरी, नाही मिळालं तर आधार. आणि ज्या वाक्याच्या जोरावर पुढे काहीच उभं केलेलं नाही, तो मुख्य निष्कर्ष.

आता एक सरावाचं उदाहरण. परिच्छेद बनवलेला आहे, विषय मात्र मुद्दाम रावेर-यावलकडचा घेतला.

'ठिबकवर केळी घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या घडाचं सरासरी वजन पाटपाण्यावर घेणाऱ्यांपेक्षा जास्त आहे. म्हणून पाटपाण्यावाल्यांनी ठिबक बसवलं तर त्यांच्याही घडाचं वजन वाढेल.' हा युक्तिवाद सर्वात जास्त कशाने कमकुवत होतो?

(अ) ठिबकचा संच बसवायला मोठा खर्च येतो आणि नळ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात.
(ब) ठिबकवाले बहुतेक शेतकरी टिश्यूकल्चरची रोपं लावतात. पाटपाण्यावाले बहुतेक कंद लावतात.
(क) पाटपाण्यावरच्या काही शेतकऱ्यांचे घड ठिबकवाल्यांच्या सरासरीपेक्षा जड भरतात.
(ड) ठिबकमुळे पाण्याची बचत होते.
(इ) जड घडाला व्यापारी जादा भाव देतोच असं नाही.

निष्कर्ष नेमका किती आहे ते बघा. 'ठिबक बसवावं' असं लेखक म्हणत नाही. 'फायदा होईल' असंही नाही. 'घडाचं वजन वाढेल', एवढंच. हे पक्कं असेल तर खर्चाचा (अ), पाण्याच्या बचतीचा (ड) आणि भावाचा (इ) आपोआप गळतात, कारण ते न विचारलेल्या गोष्टीवर बोलतात. पण निष्कर्षात 'ठिबक बसवणं फायद्याचं ठरेल' असं असतं, तर (अ) आणि (इ) असे उडवता आले नसते, त्यांचा गांभीर्याने विचार करावा लागला असता. पर्याय तेच, परिच्छेद जवळजवळ तोच, तरी एका क्रियापदाने उत्तराचं गणित फिरतं. म्हणून निष्कर्ष 'ठिबकबद्दल काहीतरी' असा मोघम लक्षात ठेवू नका. कशाचं काय होईल, कोणाचं होईल आणि किती खात्रीने, हे त्यातलं सगळं धरा.

फट कुठे आहे? दोन गटांत फरक दिसला आणि त्याचं श्रेय सगळं पाण्याच्या पद्धतीला दिलं. त्या दोन गटांत दुसरा काही फरक असेल तर? हा प्रश्न मनात घेऊन पर्याय वाचलात तर (ब) लगेच सापडतो. रोपाच्या फरकाने वजनात फरक पडतोच, हे सिद्ध व्हायची गरज नाही. तसं असू शकतं एवढ्यानेही निष्कर्षावरचा विश्वास कमी होतो. वीकन म्हणजे खोटं पाडणं नव्हे, डळमळीत करणं.

आणि (क)? तुमच्या शेवटच्या दोनांत बहुधा असाच एखादा असतो. वाचताना वाटतं, बघा, ठिबक नसूनही जड घड आलेच ना! पण आधार सरासरीबद्दल होता. सरासरी कमी असतानाही काहींचे घड जड असू शकतात, त्यात विरोध काहीच नाही. 'काही' म्हणजे कमीत कमी एक. सरासरीच्या किंवा 'बहुतेक'च्या दाव्याला 'काही'वाला अपवाद फारसं धक्का लावत नाही. शेवटच्या दोनांतला एक पर्याय अपवाद दाखवतोय आणि दुसरा वेगळं कारण दाखवतोय, असं दिसलं तर वेगळ्या कारणाकडे आधी बघा.

इथे आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांची एक खास अडचण दिसते. विषय ओळखीचा असला की चुका वाढतात. केळी, कापूस, दूध, बाजार समिती असं काही आलं की घरचं ज्ञान मध्ये येतं. 'ठिबकवर घड वाढतोच, मला माहीत आहे' म्हणून (ब) नाकारला जातो, किंवा मृग बाग की कांदे बाग (केळी लागवडीचे दोन हंगाम) हेच दिलं नाही म्हणून परिच्छेदाशीच वाद सुरू होतो. पर्याय प्रत्यक्षात खरा आहे की नाही, हे वीकन-स्ट्रेंथनमध्ये (कमकुवत किंवा बळकट करण्याच्या प्रश्नांत) ठरवायचंच नसतं. प्रश्नातच म्हटलेलं असतं, 'पुढीलपैकी कोणतं विधान खरं असल्यास'. पाचही पर्याय खरे धरा आणि प्रत्येकाला एकच विचारा: हे खरं मानलं तर आधाराकडून निष्कर्षाकडे जाणारी उडी सोपी झाली, अवघड झाली, की होती तशीच राहिली? सरळ पर्यायापुढे +, − किंवा ० लिहा. दोन पर्याय उरल्यावर हीच खूण कामाला येते, कारण तुम्हाला मोह पाडणारा पर्याय बहुतेक वेळा ० निघतो. तो महत्त्वाचं बोलतो, उडीला मात्र स्पर्श करत नाही.

शून्याचं आणखी एक उदाहरण देतो, कारण हा प्रकार सर्वात जास्त गुण खातो. 'ज्या गावांनी डिसेंबरअखेर कापूस उपटला, फरदड (हंगाम संपल्यावरही त्याच झाडांवर लांबवलेलं पीक) ठेवली नाही, तिथे पुढच्या हंगामात गुलाबी बोंडअळी कमी दिसली. तेव्हा फरदड न ठेवल्यामुळेच अळी घटली.' याला बळकटी कशाने मिळेल? 'बोंडअळीने गेल्या हंगामात शेतकऱ्यांचं मोठं नुकसान केलं' हे विधान मनाला भिडतं, तरी शून्य. त्याने विषयाचं गांभीर्य वाढतं, कारण-परिणामाचा धागा होता तिथेच राहतो. 'दोन्ही प्रकारच्या गावांत पुढच्या हंगामाची लागवड एकाच सुमारास झाली आणि वाणही सारखे होते' हे कोरडं विधान मात्र अधिक. कारण इथली मोठी शंका हीच होती, की फरदड न ठेवणाऱ्या गावांनी मे महिन्यातली पूर्वहंगामी लागवडही टाळली असेल आणि खरा फरक त्याने पडला असेल. ती शंका दूर झाली. कारण-परिणामाच्या युक्तिवादात फट शोधायची ठरलेली ठिकाणं आहेत: तिसरंच कारण, उलटी दिशा म्हणजे परिणामालाच कारण समजणं, निव्वळ योगायोग, आणि गट मुळातच वेगळे असणं. वीकनचं उत्तर यातलं एखादं उघडतं, स्ट्रेंथनचं एखादं बंद करतं.

आता तुमच्या क्लासच्या नियमाबद्दल. तो अर्धा बरोबर आहे, आणि म्हणूनच जास्त घातक आहे. असम्प्शन (गृहीतक) आणि इन्फरन्समध्ये (दिलेल्या माहितीतून काय निघतं) टोकाचा शब्द संशयास्पद असतो, कारण तिथे पर्यायाला स्वतः सिद्ध व्हायचं असतं आणि मोठा दावा सिद्ध होणं अवघड. वीकन-स्ट्रेंथनमध्ये पर्याय आधीच खरा मानलेला असतो. तिथे शब्द जितका ठाम, तितका परिणाम मोठा. वरच्या (ब) ऐवजी 'ठिबकवाल्यांपैकी एकानेही कंद लावलेला नाही. पाटपाण्यावाल्या सर्वांनी कंदच लावले आहेत' असं असतं तर तो आणखी भक्कम झाला असता. तुमच्या नियमाने तुम्ही तो 'सर्व' दिसताच सोडला असता. प्रश्नाचा प्रकार न बघता शब्दावरून पर्याय उडवण्याची सवय आजच बंद करा.

असम्प्शनसाठी नकार देऊन बघण्याची कसोटी वापरा. पर्याय उलटा करायचा. उलटल्यावर निष्कर्ष कोसळला तर ते आवश्यक गृहीतक, टिकला तर नाही. समजा युक्तिवाद असा आहे: 'जळगाव-भुसावळ रोज ये-जा करणारे वाढले आहेत. सकाळी एक जादा मेमू सोडली तर महामार्गावरची गर्दी कमी होईल.' उरलेले दोन पर्याय: 'सध्या रस्त्याने जाणारे किमान काही प्रवासी मेमूकडे वळतील' आणि 'बहुतेक प्रवाशांना रस्त्यापेक्षा रेल्वे जास्त सोयीची वाटते'. दुसरा ऐकायला भारदस्त आहे, उत्तर वाटतो. उलटून बघा: रेल्वे जास्त सोयीची वाटणारे प्रवासी निम्मे किंवा त्याहून कमी आहेत. मग? त्यातले थोडे वळले तरी गर्दी काही अंशी कमी होईलच, निष्कर्ष तग धरतो. पहिला उलटा करा: रस्त्याने जाणारा एकही जण मेमूकडे वळणार नाही. निष्कर्ष संपला. म्हणून उत्तर पहिलं, दिसायला कितीही किरकोळ असलं तरी. आवश्यक गृहीतक सहसा असंच किमान मागणारं असतं. निष्कर्षाला भरपूर आधार देणारा पर्याय स्ट्रेंथनचं उत्तर असू शकतो, असम्प्शनचं नव्हे.

उलटताना एक चूक फार होते. 'सर्व' चं उलट 'एकही नाही' नसतं. 'सर्वच नाहीत', म्हणजे किमान एक नाही. 'काही' चं उलट 'एकही नाही'. 'बहुतेक' चं उलट 'निम्मे किंवा त्याहून कमी'. हे पाठ करा.

टक्केवारीचा सापळा वेगळा ओळखून ठेवा. नंदुरबारच्या मिरचीचं उदाहरण घेऊ, आकडे काल्पनिक. 'एकूण आवकेत लाल मिरचीचा वाटा ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला, म्हणजे लाल मिरची यंदा जास्त आली.' एकूण आवक मागच्या वर्षी १,००० क्विंटल असेल तर लाल मिरची ४०० क्विंटल. यंदा एकूणच ७०० क्विंटल आली असेल तर लाल मिरची ३५०. वाटा वाढला, माल घटला. आधारात टक्के आणि निष्कर्षात नग, क्विंटल किंवा माणसं (किंवा उलट) दिसली, की फट एकूण आकड्यात आहे असं समजा आणि 'एकूण'बद्दल बोलणारा पर्याय आधी वाचा.

इन्फरन्समध्ये मात्र फट शोधूच नका, तिथे ती नसतेच. दिलेलं सगळं खरं धरून त्यातून जे निघालंच पाहिजे तेवढंच उत्तर. 'जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही ते आहे' यावरून 'मानांकनामुळे केळीला चांगला भाव मिळू लागला' निघत नाही. 'जळगावच्या किमान दोन शेतमालांना मानांकन आहे' हे निघतं. नीरस वाटतं ना? इन्फरन्सची बरोबर उत्तरं अशीच नीरस असतात.

आता जे परीक्षेवर अवलंबून आहे ते. वरची पद्धत जीमॅट, सीईटी, क्लॅट या घराण्यातल्या प्रश्नांना जशीच्या तशी लागते. बँकेच्या मेन्समधले 'स्टेटमेंट-आर्ग्युमेंट' आणि 'कोर्स ऑफ अॅक्शन' थोडे निराळे. तिथे युक्तिवाद मोडायचा नसतो, एकेक मुद्दा सबळ की दुबळा ते ठरवायचं असतं. 'केळी खरेदीच्या काट्यांची नियमित तपासणी सक्तीची करावी का?' यावर 'हो, काटा चुकला तर शेतकऱ्याचं थेट नुकसान होतं' सबळ. 'नाही, इतर जिल्ह्यांत अशी सक्ती नाही' दुबळा. दुसरे करतात किंवा करत नाहीत, अमुक मोठ्या माणसाचं मत आहे, असे मुद्दे तिथे सहसा दुबळे धरतात. 'कोर्स ऑफ अॅक्शन'मध्ये उपाय समस्येला थेट भिडतो का आणि अमलात येण्यासारखा आहे का, एवढं बघतात. बंदी घाला, सगळ्यांना निलंबित करा असे टोकाचे उपाय बहुधा नाकारले जातात. बँकेच्या असम्प्शनमध्ये नकाराची कसोटी जरा सैल चालते. तिथे जाहिरात दिली असेल तर 'लोक जाहिरातीला प्रतिसाद देतात' हे गृहीतक धरतात. दोन्ही परीक्षांचे प्रश्न एकाच बैठकीत सोडवू नका, निकष एकमेकांत मिसळतात.

वेळही वेगळा मिळतो. सीईटीच्या २०० प्रश्नांना १५० मिनिटं या रचनेत एका प्रश्नाला ४५ सेकंद पडतात. राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सीसॅटमध्ये ८० प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे दीड मिनिट. ४५ सेकंदांत कागदावर काही लिहायला वाव नाही, म्हणून निष्कर्ष आणि फट शोधायची सवय आधीच हाडात मुरलेली हवी. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा दोन पर्याय उरले की अडून न राहता एक टिचकवून पुढे जा. सीसॅटमध्ये एक चतुर्थांश गुण कापले जातात, तरी दोनांतून निवडणं हिशेबाने फायद्याचंच: अडीच गुणांच्या प्रश्नात अर्ध्या वेळा २.५ मिळतात, अर्ध्या वेळा ०.६२५ जातात. पॅटर्न बदलतात, फॉर्म भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघाच.

सराव असा करा. पहिले दोन आठवडे घड्याळ बंद. रोज ८ ते १० प्रश्न, त्याहून जास्त नको. पर्यायांवर हात किंवा कागद ठेवा, परिच्छेद वाचा, निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहा, त्याखाली फट प्रश्नाच्या रूपात लिहा ('दोन गटांत दुसरा फरक असेल तर?'). मगच हात काढा. सुरुवातीला एका प्रश्नाला पाच-पाच मिनिटं लागतील, लागू द्या. दोन आठवड्यांनी लिहिणं बंद करून मनातल्या मनात तेच करा आणि घड्याळ लावा. वेग आधी आणि अचूकपणा नंतर, असा क्रम लावणाऱ्यांचे गुण एका जागी अडकलेले दिसतात.

चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवा, पण त्यात 'बरोबर उत्तर ब' असं लिहून काही साधत नाही. आपण निवडलेला पर्याय का आवडला ते लिहा, दोन-तीन शब्दांत: 'दुसराच निष्कर्ष धरला', 'अपवादाला भुललो', 'घरचं ज्ञान आणलं', 'गरजेपेक्षा मोठं गृहीतक', 'दिशा उलटी'. शेवटचा प्रकार घाईत फार होतो: प्रश्न कमकुवत करायचा असतो, आणि सगळ्यात ठळक दिसलेला पर्याय बळकटी देणारा निघतो. तीस-चाळीस चुका जमल्या की वही उघडून मोजा. बहुतेकांच्या चुका दोनच शेऱ्यांत गोळा झालेल्या असतात, आणि तुमचा पुढचा सराव त्या दोनांवरच हवा. प्रश्न घेताना मागच्या वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी प्रसिद्ध केलेले प्रश्न घ्या. फुकट फिरणाऱ्या पीडीएफमध्ये उत्तरंच चुकीची असलेले प्रश्न बरेच असतात, आणि या विषयात चुकीचं उत्तर बरोबर समजून पटवून घेतलं की पुढचे दहा प्रश्न बिघडतात.

राहिलं वाचन. इंग्रजी परिच्छेद समजायलाच दोनदा वाचावा लागत असेल तर संपादकीय जरूर वाचा, पण मग ती भाषेची तयारी झाली, या विषयाची नव्हे. युक्तिवादासाठी वाचायचं तर मराठी अग्रलेखही तितकाच चालतो, किंबहुना सुरुवातीला तोच बरा. पूर्ण अग्रलेख नको, एक परिच्छेद पुरे. त्यातला निष्कर्ष अधोरेखित करा, आणि लेखकाचं मत तुम्हाला पटत असलं तरी ते डळमळीत करेल असं एक विधान समासात लिहा. पटणाऱ्या मताविरुद्ध लिहिताना हात अडखळतो. तेवढा सराव रोज दहा मिनिटं करा, आणि बियाण्याच्या किंवा क्लासच्या एखाद्या जाहिरातीवरही करून बघा. तिथे फटी मोठ्या असतात, लवकर सापडतात.